आधी कोणाची, मग कशासाठी: आदिलाबादच्या जमीनवापर परवानगीच्या अभ्यासाची प्रस्तावना

पैनगंगेच्या अलीकडे शेतजमीन ‘एनए’ होते, पलीकडे तिचं ‘नाला’ होतं. पांढरकवड्याकडून राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचा पूल ओलांडून तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरलेला मराठी माणूस या शब्दापाशी अडखळतो. समोरचा शेतकरी तर चांगल्या मराठीत सांगत असतो, “रोडलगतच्या दोन एकरांचं नाला करून घेतलं,” आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओढा उभा राहतो. या नाल्याला पाणी नाही. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात १९६३ साली बिगरशेती जमिनींवर आकारणी बसवणारा एक कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून हा शब्द बनला. पुढे २००६ च्या रूपांतर कायद्याने १९६३ चा कायदा रद्द केला, तरी लोकांच्या तोंडी आणि कचेरीच्या कागदावर नाव जुनेच राहिले. आज कोणी ‘नाला ऑर्डर’ दाखवतो तेव्हा तो रद्द झालेल्या कायद्याच्या नावाने चालू कायद्याचा आदेश दाखवत असतो.

या अभ्यासक्षेत्रात येणाऱ्या वाचकाचे स्वागत मला या एका शब्दाने करावेसे वाटते, कारण क्षेत्राचा स्वभावच त्यात आहे. इथे कायदे बदलतात, शब्द टिकतात. आणि शब्दाचा माग काढत गेले की जमिनीचा इतिहास हाती लागतो. कायद्याचे विद्यार्थी, भूगोल आणि समाजशास्त्राचे अभ्यासक, सीमाभागातल्या ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, शेताच्या कडेला काही उभारू पाहणारे शेतकरी, अशा सगळ्यांसाठी हे पान लिहितो आहे. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी हा विषय रूक्ष समजला जातो. मला तो तसा कधी वाटला नाही. गावाला आपल्या भूमीवर काय हवे आहे आणि काय नको आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा सरकारी कागद मी पाहिलेला नाही.

‘विशेष वापर’ म्हणजे काय, ते आदिलाबादच्या कापसावरून चांगले कळते. जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक कापूस. दिवाळीच्या सुमारास वेचणी लागली की बाजार समितीच्या आवारात आणि जिनिंगच्या फाटकाबाहेर भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये गठाणी बांधल्या जातात. गावाला जिनिंग हवी असते, कारण तीच गिऱ्हाईक आणि तीच रोजगार. पण तिच्या आवाराला रुंद रस्ता लागतो, पाण्याची मोठी टाकी लागते, शेजारच्या घरांपासून अंतर लागते. हवेत तंतू उडतात, आणि एका ठिणगीने ढीगच्या ढीग पेटतो. म्हणून जिनिंगला बंदी घालता येत नाही आणि ती कुठेही उभारूही देता येत नाही. पेट्रोल पंप, खडी क्रशर, मंगल कार्यालय, वीटभट्टी, मोबाइलचा मनोरा, सगळ्यांची गोष्ट हीच. मुभा आणि मनाई यांच्या मधल्या या जागेत अर्ज करावा लागतो, अटी घातल्या जातात, शेजाऱ्याला बोलता येते. आमच्या अभ्यासाचे खरे घर तेच.

जगात ही कल्पना शहरांतून आली. न्यूयॉर्कने १९१६ साली संपूर्ण शहराचे विभाग पाडून कुठे काय बांधायचे ते ठरवले. ओहायो राज्यातल्या युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली अशा विभागणीला मान्यता दिली. आपल्याकडे मुंबई प्रांताचा नगररचना कायदा १९१५ चा, मद्रास प्रांताचा १९२० चा. त्याच काळात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानातल्या गावोगावी पायी फिरून, आधी पाहा आणि मग आखा, असे सांगत होते. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे अध्यापनही केले. त्यांचा तो आग्रह मला आदिलाबादच्या फायली चाळताना वारंवार आठवतो.

इथल्या एकाच अर्जात तीन घराण्यांचे कागद नांदतात. महसुली शब्दसंपत्ती निजामाची: फसली, पहाणी, शिखम, खारीज खाता. नगररचनेचा मूळ कायदा मद्रासचा. १९२० चा तोच कायदा आज तेलंगणाच्या नावाने चालतो. बांधकाम परवानगीची पद्धत मात्र अगदी नवी. नगरपालिकांसाठी २०१९ चा कायदा आणि त्याला जोडून २०२० चा स्वयंप्रमाणनाचा कायदा आला. त्यानुसार शहरात ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावर सात मीटर उंचीपर्यंतच्या घराला परवानगीची गरज नाही, एक रुपया भरून नोंद केली की झाले. ६०० चौरस यार्डांपर्यंत आणि दहा मीटर उंचीपर्यंत मालकाच्या घोषणेवर तत्काळ मंजुरी. त्यापुढे एक खिडकी आणि २१ दिवसांची मुदत. सामान्य माणसाचा त्रास यामुळे खरोखर कमी झाला आणि त्याचे मला समाधान आहे. पण ही सारी गती एका वाक्यावर उभी असते: ही जमीन माझी आहे आणि तिच्यावर वाद नाही, ही मालकाची घोषणा. आदिलाबादमध्ये सर्वांत जड वाक्य तेच आहे.

महाराष्ट्रातून आलेला अभ्यासक इथे हमखास फसतो. त्याच्या मनात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता असते: १९६६ चा कायदा, बिगरशेतीसाठी ४४ वे कलम, अलीकडच्या सवलतींसाठी ४२ अ ते ड. तो लगेच विचारतो, वापर कसा बदलायचा? आदिलाबादमध्ये त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: ही जमीन कोणाची, आणि ती कोणाकडून कोणाकडे जाऊ शकते? आधी कोणाची, मग कशासाठी. हा क्रम ज्याने उलटा लावला त्याचा अभ्यास पहिल्याच पानावर घसरतो, आणि अर्जदाराचे तर पैसेही बुडतात.

हा क्रम असा का, ते समजण्यासाठी १९४० पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जोडेघाटच्या डोंगरात गोंड नेते कुमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. तो परिसर आज शेजारच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे; २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. भीमांचा लढा जमिनीवरच्या आणि जंगलावरच्या हक्काचा होता. राखीव जंगलाच्या रेषा गोंड आणि कोलामांच्या शेतांवरून गेल्या होत्या, आणि सुपीक पट्ट्यांत बाहेरून आलेल्यांच्या नावावर पट्टे चढत होते. या उठावानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाला इथल्या आदिवासींचा अभ्यास करायला सांगितले. दुसऱ्या महायुद्धामुळे ते हैदराबाद संस्थानातच अडकून पडले होते. मारलवाई या गोंड गावात त्यांनी मुक्काम केला, आणि ‘ट्रायबल हैदराबाद’ हे त्यांचे अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. या क्षेत्राचा पाया त्या अहवालांत आहे. जमीन हातची कशी जाते, हे त्यांनी गाव आणि माणसे समोर ठेवून लिहिले.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगतो. त्या काळात मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तिथल्या गोंडी भाषेच्या पहिल्या वाचनपुस्तिका देवनागरी लिपीत होत्या. या डोंगरांतल्या व्यवहारात मराठी मुरलेली होती. गोंडांचे भाट असलेले परधान मराठी बोलत, आंध समाजाची तर ती मातृभाषाच. म्हणजे आदिलाबादमधली मराठी ही केवळ नंतर आलेल्या शेतकऱ्या-व्यापाऱ्यांची भाषा नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्याही घरात ती आहे. ‘मराठी माणसाची बाजू’ असे सरसकट काही इथे मांडता येत नाही, आणि तसे मांडण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा असे मला कळकळीने वाटते.

‘लावणी’ या शब्दाचेही असेच. आपल्याला ढोलकी आठवते. हैदराबादच्या महसुलात सरकारी पडीक जमीन लागवडीसाठी नावावर करून देणे म्हणजे लावणी. चाळीसच्या दशकात अनेक आदिवासी कुटुंबांना लावणी पट्टे मिळाले ते हायमेनडॉर्फ यांच्या पाठपुराव्याने. त्याच सुमारास १३५६ फसलीत आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम झाला. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १९४६. जुने कागद वाचणाऱ्याने ही बेरीज पाठच करून ठेवावी.

मग १९५६ ची राज्यपुनर्रचना आली. किनवट आणि राजुरा हे तालुके त्याआधी आदिलाबाद जिल्ह्यातच होते. ते मुंबई राज्यात गेले. किनवट नांदेडमध्ये राहिला, राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात. एकाच जिल्ह्याची, एकाच भूमापनाची, एकाच खासरा पहाणीची गावे दोन राज्यांत वाटली गेली, आणि तिथून कायद्याच्या वाटा फुटल्या. आंध्रात अनुसूचित क्षेत्रासाठी १९५९ चा जमीन हस्तांतर विनियम झाला. १९६३ च्या विनियमाने तो तेलंगण भागाला लागू झाला, आणि १९७० च्या दुरुस्तीने त्याला आजची धार आली. त्या दुरुस्तीनंतर अनुसूचित क्षेत्रातली स्थावर मालमत्ता, देणारा आदिवासी असो वा बिगरआदिवासी, फक्त अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला किंवा फक्त अशाच व्यक्तींच्या सहकारी संस्थेला देता येते. इतर हस्तांतर शून्यवत. शिवाय, बिगरआदिवासीच्या ताब्यातली जमीन मुळात आदिवासीकडूनच आली असे गृहीत धरले जाते. तसे नसेल तर त्याने ते सिद्ध करायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली पी. रामी रेड्डी खटल्यात ही दुरुस्ती वैध ठरवली.

महाराष्ट्रात १९७४ मध्ये महसूल संहितेत ३६ अ हे कलम आले. तेही आदिवासींची जमीन वाचवण्यासाठीच, पण त्यात जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीचा दरवाजा ठेवला आहे. आदिलाबादच्या अनुसूचित गावात तो दरवाजाच नाही. परवानगी देऊ शकेल असा अधिकारीच कायद्याने निर्माण केलेला नाही. किनवटचा शेतकरी आणि पलीकडच्या बोथचा शेतकरी यांच्या पणजोबांच्या जमिनी एका दप्तरात नोंदलेल्या होत्या, आज या दोघांना दोन वेगळी उत्तरे मिळतात. सीमेच्या अभ्यासात यापेक्षा समृद्ध प्रयोगशाळा मला ठाऊक नाही. बंजारा समाजाचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातले लंबाडे अनुसूचित जमातींच्या यादीत आले, महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त-भटक्यांच्या यादीत राहिला. लग्नसंबंध पैनगंगा ओलांडून होतात, जमीन घेण्याची पात्रता ओलांडून जात नाही. त्या यादीबद्दल गोंड, कोलाम आणि लंबाडे यांच्यात असलेला ताण खोल आहे, आणि त्यावर लिहिणाऱ्याने सर्वांच्या ओसरीवर बसून ऐकले पाहिजे.

आता जिनिंगकडे परत येऊ. समजा एखादा उद्योजक म्हणतो, मी जमीन विकत घेत नाही, वीस वर्षांच्या भाड्याने घेतो. विनियमातल्या ‘हस्तांतर’ या शब्दात विक्री आहे, तसा भाडेपट्टा आहे, गहाण आहे, बक्षीस आहे, अदलाबदल आहे आणि जमिनीसंबंधीचा करारही आहे. गाव अनुसूचित असेल तर वापराचा प्रश्न उपस्थित होण्याआधीच विषय संपतो. आणि सरकारचे काय? ११ जुलै १९९७ च्या ‘समता’ निकालाने त्याचे उत्तर दिले. तो खटला विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या खाणपट्ट्यांचा होता, पण त्याची सावली आदिलाबादच्या प्रत्येक क्रशरवर आणि खाणीवर पडते. विनियमातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात सरकारही येते, म्हणून अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा बिगरआदिवासीला खाणीसाठी पट्ट्याने देता येत नाही, असे बहुमताने ठरले. वापराच्या परवानगीचा इतका मूलगामी विचार करणारे निकाल थोडे आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्याने तो निकाल संपूर्ण वाचावा, मतभेदाच्या निकालपत्रासह.

जिल्ह्यातली सगळी गावे अनुसूचित नाहीत, हे मात्र विसरू नये. जिथे विनियम लागू नाही तिथे २००६ चा रूपांतर कायदा सरळ चालतो. मूळ मूल्याच्या टक्केवारीत शुल्क भरायचे आणि आदेश घ्यायचा. परवानगीवाचून वापर बदलला तर शुल्काच्या वर त्याच्या निम्मा दंड. अर्ज पूर्वी महसूल विभागीय अधिकाऱ्याकडे जाई, २०२० च्या ऑक्टोबरात ‘धरणी’ हे भूनोंदींचे पोर्टल आल्यावर तो तहसीलदाराच्या टेबलावर आला, आणि २०२५ च्या भूभारती कायद्याने धरणीमागचा कायदाच बदलला. रूपांतर कायद्यातल्या सवलतींकडे अभ्यासक फारसे पाहत नाहीत. मालकाचा परंपरागत घरगुती उद्योग एक एकरापर्यंतच्या जमिनीवर असेल तर त्याला रूपांतराची अट नाही. आदिलाबादच्या ढोकरा कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मेणाच्या तारांवर माती लिंपून पितळ ओतणाऱ्या ओझा कारागिरांची भट्टी या सवलतीत बसते का, कशी बसते, यावर एखाद्याने नीट काम करावे असे मला फार वाटते.

आणि शेवटी ती तरतूद, जिच्यासाठी मी या क्षेत्रात रमलो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाचे दुसरे उपकलम. जंगलजमिनीवर गावाला शाळा हवी, दवाखाना हवा, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची योजना, तळे, रस्ता, समाजमंदिर हवे. अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जंगलजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस असलीच पाहिजे. विशेष वापराच्या परवानगीची इतकी आटोपशीर, इतकी माणसाच्या मापाची तरतूद दुसरीकडे सापडणे अवघड. इथे अर्जदार गाव स्वतःच आहे. किती झाडे जातील ते गावकरीच उभे राहून मोजतात, कोणते झाड देवाचे आहे ते त्यांनाच माहीत असते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन हातची जाऊ न देण्याचा अधिकार दिला होता. वनहक्क कायद्याने तिला काही घडवण्याचाही हक्क दिला. उटनूर, नारनूर, इंद्रवेल्ली या मंडलांत फिरताना एखाद्या पाड्यावरची अंगणवाडी दिसली की मी तिच्या शिफारशीचा ठराव पाहायला मागतो. ठराव मिळतो तेव्हा त्यावरचे अंगठे आणि सह्या मी मोजतो, आणि बायकांच्या किती आहेत ते आधी पाहतो.

नव्या अभ्यासकाने पहिले पाऊल कुठे टाकावे, असे मला विचारले जाते. एक गाव घ्या, आणि गावातला एकच सर्व्हे नंबर. गाव अनुसूचित आहे का, हे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत पाहा. यादीतली नावे इंग्रजी अक्षरांत आहेत आणि आजच्या उच्चारांशी ती दर वेळी जुळत नाहीत, म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांकडून जुने नाव विचारून घ्या. तेलुगू, गोंडी आणि मराठी अशी तीन नावेही निघतील. मग १९५४-५५ ची खासरा पहाणी मिळवा. मराठवाड्यात काम केलेल्याला तो तक्ता ओळखीचा वाटेल, कारण दोन्हीकडचा मूळ कागद हैदराबाद राज्याचा. त्यात पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कसणारा कोण, संरक्षित कूळ आहे का, हे वाचा. त्यानंतरच्या पहाण्यांमध्ये नाव कुठे बदलले ते वर्ष शोधा आणि ते १९६३ च्या, १९७० च्या आधीचे की नंतरचे ते पाहा. नाला आदेश असेल तर तो त्यानंतर उघडा. मग कागद पिशवीत ठेवून शेतावर जा, बांधावरच्या शेजाऱ्याला नमस्कार करा, आणि या जागेवर आधी काय होते ते त्याला विचारा. तो कोणत्या भाषेत उत्तर देतो, तेही लिहून घ्या.